डीलर मीटचं ४० लाखांचं बजेट: एकरकमी कोटेशन कसं फोडायचं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरची शेतीपंप बनवणारी कंपनी, पुण्यात डीलर मीट, एक मुक्काम. डीलर २२०, कंपनीची माणसं ३०, म्हणजे २५० डोकी. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण, मग तीन तासांचं सत्र आणि नव्या मोनोब्लॉक पंपाचं अनावरण, रात्री बक्षीस समारंभ, गाणी, जेवण. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून सगळे रवाना. संचालकांनी ४० लाखांची मर्यादा घातली आहे.

एजन्सीचं कोटेशन एका पानाचं आहे: "इव्हेंट प्रॉडक्शन १४ लाख. एजन्सी फी एकूण खर्चाच्या १५ टक्के. जीएसटी वेगळा. हॉटेल प्रत्यक्ष बिलाप्रमाणे."

१) हे फोडायचं कसं, आणि यात काय राहून गेलंय?
२) जीएसटी सरसकट १८ टक्के धरू का?
३) संचालक मधूनच "गोव्यातच करूया की" म्हणतात. बजेटमध्ये काय बदलेल?

ताळा_जुळवा

आधी संचालकांना एक प्रश्न विचारा: ४० लाख हा कंपनीला पडणारा खर्च आहे की खात्यातून जाणारी रक्कम? दोन्हींत अडीच-तीन लाखांचा फरक पडतो, कारण काही जीएसटी क्रेडिट म्हणून (पुढच्या करातून वजा होऊन) परत मिळतो आणि काही अंगावर पडतो. ते ठरल्याशिवाय शीट उघडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, "एकूण खर्चाच्या १५ टक्के" हे वाक्य. हॉटेलचं बिल १६ लाख झालं तर त्यावरच २,४०,००० फी बसते, आणि एजन्सीचं त्यात काम काय, तर रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत ती यादी) पुढे पाठवणं. हॉटेलशी करार आणि पैसे थेट कंपनीचे ठेवा. फी फक्त प्रॉडक्शनवर द्या. शक्य असेल तर टक्क्यांऐवजी ठरावीक आकडा द्या, म्हणजे खर्च वाढवण्यात एजन्सीचा फायदा उरत नाही.

आता कोटेशनची फोड. हॉटेल, सजावट, जेवण असे रकाने पाडायची सवय सगळ्यांना असते. त्यापेक्षा रक्कम कशाने हलते त्यावर गट पाडा: डोक्यामागे, खोलीमागे, दिवसामागे किंवा तासामागे, आणि ठोक. आयत्या वेळी २० डीलर वाढले की पहिले दोन गट वाढतात, स्टेज तेवढंच राहतं. सत्र दीड तास लांबलं की तासाचा गट वाढतो, जेवण तेवढंच राहतं. असे गट असले की "अजून १५ जण येतायत" म्हटल्यावर दोन मिनिटांत आकडा सांगता येतो.

खाली नमुना मांडतोय. दर नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे कोटेशनमधले भरा. रकमा जीएसटी सोडून:

खोल्या: १२५ × ६,००० (दोघांत एक, नाश्त्यासह) = ७,५०,०००
जेवण: २५० × ३,४०० (दुपार आणि दोन चहा १,४००, रात्र २,०००) = ८,५०,०००
मद्य, व्हॅटसह: २,००,०००
बस-गाड्या, करासह: १,२०,०००
भेटवस्तू: २२० × १,५०० = ३,३०,०००
बॅज, स्टँडी, छपाई: ६०,०००
प्रॉडक्शन: १२,००,०००
फी, प्रॉडक्शनवर १२ टक्के: १,४४,०००
परवाने, संगीताचे हक्क: ६०,०००
बेरीज: ३७,१४,०००

प्रॉडक्शनचे १२ लाख असे: स्टेज, मास्किंग (आजूबाजूचं झाकणारे पडदे) आणि अनावरणाचा सेट २,४०,०००; एलईडी ४०० चौरस फूट × २०० = ८०,०००; साउंड ९०,०००; लाइट आणि ट्रस (ते टांगायचा लोखंडी सांगाडा) १,१०,०००; जनरेटर डिझेलसह ४५,०००; कॅमेरे, स्विचर, फोटो १,००,०००; फिल्म आणि स्क्रीनवरचा सगळा मजकूर २,००,०००; निवेदक ५०,०००; कलाकार २,५०,०००; शो-कॉलर (कार्यक्रमात सगळ्यांना इशारे देणारा) आणि मदतनीस ३५,०००.

यावर परत न मिळणारा जीएसटी: जेवणावर १८ टक्के धरले तर १,५३,०००, भेटवस्तूंवर ५९,४००. मिळून २,१२,४००. म्हणजे कंपनीला पडणारा खर्च ३९,२६,४००. प्रॉडक्शन, फी आणि छपाईवरचा २,५२,७२० आणि खोल्यांवरचा ५ टक्क्यांनी ३७,५००, मिळून २,९०,२२० जीएसटी पुढे क्रेडिटमध्ये येतो, पण आधी खिशातून जातो. खात्यातून जाणारी रक्कम ४२,१६,६२०.

४० लाख ही पडत्या खर्चाची मर्यादा असेल तर हातात ७३,६०० उरतात. आकस्मिक खर्चासाठी एवढ्या कार्यक्रमाला दोन लाख तरी हवेतच. म्हणजे कागदावर बसलेलं हे बजेट खरं तर बसलेलं नाही.

ट्रसखालचा

प्रॉडक्शनपुरतं लिहितो. "सर्व धरून १४ लाख" या शब्दांना काही किंमत नाही. प्रत्येक ओळीत माप, नग, दिवस आणि प्रकार लिहून मागा. "एलईडी स्क्रीन" असं लिहिलेलं चालणार नाही. किती फूट, कुठला पिच (दोन दिव्यांमधलं अंतर), किती दिवस, प्रोसेसर आणि ऑपरेटर धरून की सोडून, हे लिहून घ्या.

उदाहरणार्थ २४ × १० फुटांचा मुख्य पडदा. पॅनल ५०० × ५०० मिलिमीटरचं असतं, त्यामुळे २४ × १० नेमका बनतच नाही. आडवी १५ आणि उभी ६ पॅनलं लावली की साधारण २४.६ × ९.८ फूट होतात. पी-३.९१ च्या (३.९१ मिलिमीटर पिचच्या) एका पॅनलवर १२८ × १२८ पिक्सेल असतात, म्हणजे पडदा १९२० × ७६८ चा. तुमची फिल्म बनवणाऱ्याने नेहमीच्या १९२० × १०८० मध्ये काम केलं असेल तर वरखाली मिळून ३१२ ओळी कापल्या जाणार. त्यात पंपाचं नाव असेल तर ते गेलं! मग आदल्या रात्री सगळं नव्याने रेंडर करायचं आणि त्याचं वेगळं बिल यायचं. पॅनल ठरलं की त्याच दिवशी पिक्सेलचा नकाशा फिल्मवाल्याला पाठवा. किती वेळा दुरुस्त्या मोफत तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या, दोन किंवा तीन.

हॉल बघायला जाताना टेप घेऊन जा. स्टेज ३ फूट, त्यावर १० फुटांचा पडदा, वर ट्रस. १५ फुटांच्या आत छत असेल तर हे बसत नाही. झुंबरांची खालची कड मोजा, छत नव्हे. गोल टेबलांची बैठक धरली तर माणशी १५ चौरस फुटांच्या हिशेबाने २५० जणांना ३,७५० लागतात. त्यावर ४० × २० चं स्टेज म्हणजे ८००, पडद्यामागची जागा, कंट्रोल डेस्क, कॅमेऱ्यांचे चौथरे. साडेपाच हजार चौरस फुटांखालचा हॉल घेऊ नका. जेवण त्याच हॉलमध्ये असेल तर मांडणी बदलायला दीड-दोन तास मोकळे ठेवा, तेवढा वेळ लोकांना चहावर बाहेर थांबवावं लागतं.

जनरेटरबद्दल: ४०० चौरस फूट म्हणजे दीडशेच्या आसपास पॅनलं. पूर्ण पांढऱ्या चित्रावर पॅनलला १५० वॉट धरा, २२-२३ किलोवॉट झाले. साउंड आणि लाइट मिळून आणखी १५ ते २०. एवढ्याला १२५ केव्हीए लावायची गरज नाही, ८२.५ चा पुरतो. पण एलईडी आणि साउंडची लाइन लाइटच्या डिमरपासून वेगळी हवी, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येत राहते. हॉटेलचा जनरेटर वापरायचा तर तो फुकट की युनिटमागे, हे करारात बघा.

आणि हॉलचा ताबा. सकाळी ८ ला ताबा, दुपारी २ ला सत्र, हे गणित जमत नाही. एवढ्या सेटला आठ ते दहा तास लागतात, वर तालीम. आदल्या रात्री १० पासून ताबा मागा. हॉटेल त्याचे अर्धे भाडे तरी लावतंच, आणि ही ओळ तुमच्या शीटमध्ये नाही.

बँक्वेटची_बाजू

हॉटेलच्या करारात चार-पाच जागा अशा आहेत जिथे बजेट फुटतं.

किमान हमी. जेवणाच्या ताटांची हमी दिली की हमी किंवा प्रत्यक्ष ताटं, जे जास्त असेल त्याचं बिल होतं. २५० ला २५० ची हमी देऊ नका. २२५ द्या आणि १० टक्के जास्तीची तयारी हॉटेलने ठेवावी असं लिहून घ्या. अंतिम आकडा ७२ ऐवजी ४८ तास आधी देण्याची मुभा मागा. ताटं मोजताना तुमचा एक माणूस स्टुअर्डच्या शेजारी उभा हवा, आणि आकड्यावर दोघांची सही जेवण संपताच. दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नसतं.

खोल्या. १२५ चा हिशेब कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात बाप-लेक मिळून एकच दुकान असेल तर त्यांची खोली एक, पण शेजारशेजारच्या तालुक्यांतले दोन डीलर एकाच खोलीत राहायला तयार होत नाहीत. महिला डीलर विषम संख्येत असतात. दहा खोल्या जास्त धरा, करासह ६३,००० झाले. उलट बाजूने, न लागलेल्या खोल्या कुठल्या तारखेपर्यंत विनाशुल्क सोडता येतील ते लिहून घ्या: ३० दिवस आधी २० टक्के, १० दिवस आधी १० टक्के, असं काहीतरी.

चालक. सांगली, सोलापूर, साताऱ्याचे डीलर स्वतःच्या गाडीने येतात. ५०-६० चालक सहज होतात. त्यांचं जेवण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या दराने आधीच ठरवा, नाहीतर ते २,००० च्या ताटात मोजले जातात. प्रॉडक्शनची ४० माणसंही दोन वेळा जेवणार. हॉटेलकडे क्रू-मील म्हणून स्वस्त दर असतो, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

माल चढ-उतार. ट्रक मागच्या दाराशी आला की माथाडी कामगारांची मजुरी कोण देणार हा वाद तिथेच उभा राहतो. "वाहतूक, चढ-उतार, मजुरी एजन्सीकडे" हे शब्द एजन्सीच्या वर्क-ऑर्डरमध्ये घाला.

मद्याबद्दल: हॉटेलला परवाना असला तरी तुमचा हॉल किंवा लॉन परवान्याच्या हद्दीत येतो का ते विचारा. येत नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. तारीख २ ऑक्टोबरची किंवा मतदानाच्या आसपासची नाही ना, हेही बघा.

पेठेतला_सीए

जीएसटी सरसकट १८ धरू नका. तुमच्या शीटला लागू होणारं एवढंच:

खोली दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के; 'क्रेडिटशिवाय' ही अट हॉटेलच्या स्वतःच्या खरेदीला आहे, तुम्हाला पुण्यात खोल्यांचं क्रेडिट मिळतं. जेवणाचा दर मात्र तुमच्या खोलीच्या भाड्यावर ठरत नाही, हॉटेलच्या वर्गावर ठरतो. मागच्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलने एकही खोली ७,५०० च्या वर विकली असेल, किंवा त्यांनी स्वतः तसं घोषित केलं असेल, तर ते "स्पेसिफाइड प्रिमायसेस" आणि जेवणावर १८. नसेल तर ५. जेवणाचं क्रेडिट तुम्हाला दोन्हीकडे मिळत नाही. म्हणजे ८,५०,००० च्या जेवणावर १,५३,००० की ४२,५००, फरक १,१०,५००. दोन हॉटेलांत ताटाचा दर सारखाच असेल तर हा प्रश्न आधी विचारा.

भेटवस्तूंचं क्रेडिट कायद्यानेच अडलेलं आहे. गाड्यांत चालक धरून १३ आसनांपर्यंतच्या गाडीचं क्रेडिट अडतं, मोठ्या बसचं नाही. मद्य जीएसटीच्या बाहेर, त्याचं बिल वेगळं घ्या.

गोवा. इथे बरेच जण फसतात. स्थावर जागेशी जोडलेल्या सेवांचं, म्हणजे खोली आणि हॉल यांचं, पुरवठ्याचं ठिकाण जागा जिथे आहे ते. गोव्याचं हॉटेल केंद्राचा आणि गोवा राज्याचा जीएसटी लावणार. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर खोल्या आणि हॉलच्या भाड्यावरचं जे क्रेडिट पुण्यात मिळालं असतं ते गोव्यात बुडालं. कार्यक्रम-आयोजनाच्या सेवेला नियम वेगळा: घेणारा नोंदणीकृत असेल तर पुरवठ्याचं ठिकाण घेणाऱ्याचं, त्यामुळे एजन्सीच्या बिलाचं क्रेडिट येतं. यावर लगेच "मग हॉटेलही एजन्सीमार्फत बिल करू" असं सुचतं. पण एजन्सीची गोव्यात नोंदणी नसेल तर तो कर तिच्याही अंगावर पडतो आणि ती तो तुमच्याच दरात घालते, वर फी.

टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा आयकर. डीलरना मिळणाऱ्या लाभावरची ती १० टक्क्यांची तरतूद, जिला सगळे अजून जुन्या क्रमांकाने १९४-आर म्हणतात, ती बजेटच्या टप्प्यावरच बघा. नवं उत्पादन दाखवणं, विक्रीचं तंत्र, शंकानिरसन यासाठीची परिषद लाभ धरली जात नाही. मात्र ठरावीक लक्ष्य गाठलेल्या निवडक डीलरनाच बक्षीस म्हणून बोलावलं, कुटुंबीयांचा खर्च केला किंवा पर्यटन जोडलं, तर तो भाग लाभ ठरतो. परिषदेच्या लगेच आधीचा आणि नंतरचा एक दिवस मुक्काम चालतो, त्यापुढचा नाही. मर्यादा डीलरमागे वर्षाला २०,०००, आणि त्यात वर्षभरातल्या योजनांची बक्षिसंही मोजली जातात. तुमची १,५०० ची भेट एकटी किरकोळ आहे, पण त्याच डीलरला दिवाळीत टीव्ही दिला असेल तर ती मोजावी लागते. कार्यक्रमपत्रिका, हजेरीपट आणि सादरीकरणं फाइलला लावून ठेवा. गोव्यात दोन मुक्काम आणि बोटीची सफर असा बेत असेल तर हा हिशेब फार बदलतो.

आणखी एक. स्टेजवाले, साउंडवाले बहुतेक उद्यम-नोंदणीकृत असतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये कार्यक्रम करणार असाल तर पैसे कधी सुटणार तेही शीटमध्ये घाला.

शिरोलीकर

मनापासून आभार. संचालकांना विचारलं, ४० लाख हा पडता खर्च आहे. गोवा मागे पडला. कलाकार मात्र हवाच म्हणतात. आता दोन-अडीच लाख काढायचे कुठून? आणि संगीताच्या परवान्यांचं नेमकं काय? हॉटेल म्हणतं "आमचं आहे सगळं".

ताळा_जुळवा

कलाकार ठेवा, पण २,५०,००० चा बँड नको. १,२५,००० मध्ये चार वादकांचा मराठी-हिंदी संच दीड तास व्यवस्थित धरतो. १,२५,००० आणि त्यावरची १२ टक्के फी १५,०००, एकूण १,४०,००० सुटले. ५ टक्केवालं हॉटेल मिळालं तर १,१०,५००. आधीचे ७३,६०० धरून ३,२४,१०० होतात. त्यातून दहा जादा खोल्यांचे, कर सोडून, ६०,००० खोल्यांच्या ओळीत टाका, आकस्मिकात नव्हे, कारण त्या लागणारच आहेत. उरले २,६४,१००. आदल्या रात्रीच्या ताब्याचं भाडं आणि चालक-क्रूचं जेवण यातूनच जाणार, म्हणून तेही आत्ताच स्वतंत्र ओळीत लिहा. मग खरा आकस्मिक आकडा दिसेल. तो एक लाखाखाली गेला तर बाजूचे दोन पडदे काढा. प्रत्येकी १० × ८, दोन्ही मिळून १६० चौरस फूट, ३२,०००. गोल टेबलांच्या बैठकीत मागच्यांना त्यांचा उपयोग होतो, त्यामुळे हे शेवटी.

जेवणाच्या दराला हात लावू नका. डीलर पंपाचा हेड (पाणी किती उंच चढतं ते) विसरेल, पण मटण कमी पडलेलं पाच वर्षं सांगेल.

ट्रसखालचा

बाजूचे पडदे काढायचे तर मुख्य पडदा स्टेजपासून आणखी फूटभर वर उचला, नाहीतर मागच्या टेबलांना खालच्या ओळी दिसत नाहीत. आणि मग छताची उंची पुन्हा मोजा.

बँक्वेटची_बाजू

"आमचं आहे सगळं" यावर जाऊ नका, प्रती मागा. हॉटेलचे परवाने बऱ्याचदा लॉबी आणि उपाहारगृहात वाजणाऱ्या संगीतापुरते असतात, हॉलमधल्या कार्यक्रमाला वेगळा लागतो. गीत आणि स्वररचनेचे हक्क आयपीआरएसकडे, ध्वनिमुद्रणांचे पीपीएलसारख्या संस्थांकडे. संच प्रत्यक्ष गाणार असेल तर पहिला लागतो, बक्षिसांच्या वेळी मुद्रित गाणी वाजणार असतील तर दुसराही. लग्नाच्या मिरवणुकीला कायद्यात जी सूट आहे ती कंपनीच्या कार्यक्रमाला नाही. शुल्क डोकी आणि जागेनुसार बदलतं, म्हणून अर्ज करताना २५० हाच आकडा द्या, हॉलची क्षमता नव्हे.

रात्रीचा भाग लॉनवर असेल तर ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि १० ला तो बंद. बंदिस्त हॉलला रात्रीची ती बंदी नाही, पण आवाज आवाराबाहेर जाता कामा नये. तुमच्या पत्रिकेत बक्षिसं साडेसातला आणि गाणी नऊला आहेत का? २२० डीलरपैकी ६० जणांना जरी स्टेजवर बोलावलं, तर हार, ट्रॉफी आणि फोटो धरून माणशी ४५ सेकंद, म्हणजे पाऊण तास नुसता त्यातच. लॉन घेणार असाल तर गाणी आधी, बक्षिसं हॉलमध्ये.